उसने कान

होबार्टमामाच्या कानांतले वरचे सूर गेले
ते काही एका दिवसात नाही.
बत्तीस वर्षं आरागिरणीत,
रोज चिमूटभर, भुशाबरोबर.
आता त्याला ट्रक ऐकू येतो, ढग ऐकू येतात,
मी जरा खालच्या पट्टीत बोलले तर मीही.
टर्कीची मादी मात्र त्याच्यापुरती मुकी झाली.

म्हणून मार्च लागला की मी लागते त्याला.

जॅक्स फोर्क नदीच्या वळणावर पत्र्याची शेड,
आत लेथ, स्टोव्ह,
आणि कॉफीच्या डब्यांत उभ्या काड्या, टोक खाली.
मी मांडीवर पाटी घेते,
बशीएवढी, गोल, लाकडी वाटीत बसवलेली.
सँडपेपरनं तिची चमक मारते,
काडी पेनासारखी धरते
आणि नखाएवढ्या जागेत ओढते
एक लांबट गोल. पुन्हा तोच. पुन्हा.
अक्षर उमटत नाही,
तरी कोणीतरी ते दूर रानात वाचतं म्हणे.

"हिकरी. कशी आहे?"
खणखणीत. पहाटेच नवऱ्याला हाका मारणारी.
"वाऱ्याच्या दिवसाला चालेल."
डब्यावर खडूची खूण.

सीडर मऊ,
फांदीवरून अजून उतरायचंय अशी, जांभई देत बोलते.
अक्रोड गोड, पण जोरात कटकटायला लावलं
की घसरते, शब्द गिळते.
मेपलबद्दल मला काही सुचत नाही.
"मेपल म्हणजे मेपल," तो म्हणतो,
"जिला हात नवा, तिला मेपल."
आणि ते विकत आणलेलं जांभळं लाकूड,
कुठल्या देशातलं कोण जाणे,
काचेवर राणीसारखं, पाटीवर नुसतं किंचाळतं.
त्याच्या किमतीत हिकरीचं अख्खं झाड आलं असतं.

मग त्यानं खिशातून काढली ती शेवटची.
ओसेज. पिवळीजर्द.
शेत कॅम्पिंगवाल्यांना विकलं तेव्हा
कुंपणाचा एकच खांब त्यानं उपटून आणला होता,
सत्तर वर्षं मातीत उभा, तरी न कुजलेला.
त्यातून उतरलेली ही काडी.
मी ओढली.
पाटीवर ती धरतच नव्हती;
उडत होती, मध्येच फाटत होती.
"कशी आहे?"
छान, मी म्हटलं.

त्यानं तिची मूठ दातांत धरली,
स्वतः पाटी फिरवून पाहिली तिच्या टोकाखाली.
"दातांना खरखर कळते," म्हणाला. "सूर नाही कळत."
आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

एप्रिलचा दुसरा सोमवार, अंधार अजून फिटायचा होता.
ओकला पाठ लावून आम्ही दोघं,
डॉगवूडची फुलं तेवढी दिसत होती.
त्यानं नेमकी तीच काढली.
ओढली तीनदा.
मी मान खाली घातली,
इतकं ते फाटकं होतं, इतकं उघडं.

आणि पलीकडच्या डोंगरसोंडेवरून
नर गडगडला.

मामानं डोळे मोठे केले. हे ऐकू आलं त्याला.
स्वतःचा प्रश्न ऐकू आला नव्हता,
उत्तर आलं.
पुन्हा ओढली, पुन्हा गडगडाट, जवळून,
मग एक खरीखुरी मादी मध्ये आली
आणि त्याला घेऊन उताराला लागली.
बंदूक मांडीवरून हललीही नाही.

ट्रकमध्ये हीटर तापायची वाट बघताना तो म्हणाला,
"आर्डिथ, त्या दिवशी तुझे खांदे वर गेले होते.
खरं सांग, कशी वाजते?"
फाटकी. सर्दी झालेल्या म्हातारीसारखी.
"मग बरोबर आहे," तो म्हणाला.
"रानात सगळ्याच काही तरण्या नसतात."

शेडमध्ये परतल्यावर वेगळा डबा घेतला,
खडूनं लिहिलं: फाटकी.
त्याखाली, थोड्या वेळानं: विकायची नाही.
आणि पुढच्या हिकरीचा तुकडा लेथला लावत,
माझ्याकडे न बघता,
स्टूल पायानं माझ्या बाजूला सरकवलं.